पाच दिवस की दहा?

कागलच्या स्टँडवर उतरलात की आधी मास्क नाकावर ओढा. २०२१ चा ऑगस्ट संपत आला आहे, श्रावणाची भुरभुर चालू आहे आणि इथे जो तो दुसऱ्याला एकच विचारतो आहे, रिपोर्ट काढला का?

निपाणीची गाडी लागली आहे. कंडक्टर दारात उभा राहून तिकिटाआधी कागद बघतो आहे. महाराष्ट्रातून कर्नाटकात जायचं तर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह हवा. लशीचे दोन्ही डोस झाले असले तरी हवाच. तुमच्या पुढे एक काकी आहेत, हातात पिशवी, कडेवर नातू. नातू दोन वर्षांच्या आतला, म्हणून त्याला सूट आहे. काकींना नाही.

"माझं माहेर हाय निपाणीला," त्या म्हणतात. "सकाळी जायचं, सांजच्याला परत."

"मावशी, नियम मी केलाय व्हय?" कंडक्टर म्हणतो. त्याच्या आवाजात राग नाही, दिवसभर तेच वाक्य बोलून आलेला थकवा आहे. "खाली उतरा. माझी नोकरी जाईल."

खासगी लॅबमध्ये या चाचणीला ५०० रुपये पडतात. घरातली चार माणसं निघाली तर दोन हजार, आणि तीन दिवसांनी तो कागद रद्दी. काकी उतरतात. उतरताना विचारतात, "मग गौरीला कसं यायचं?" गाडीतल्या कुणाकडेच त्याचं उत्तर नाही.

तुमच्याकडे कागद आहे, तुम्ही बसा. दूधगंगेचा पूल ओलांडला की राज्य बदलतं. पाण्याचा रंग तोच, दोन्ही काठांना ऊस तोच, आणि थोड्याच अंतरावर कोगनोळीचा टोलनाका. तिथे मांडव टाकला आहे, टेबलं मांडली आहेत. पावसात उभं राहून भिजलेला तरुण पोलीस खिडकीशी येऊन विचारतो, "रिपोर्ट ऐतेन्री?" तुमचा कागद तो उजेडाकडे धरून वाचतो, तारीख तपासतो, मान हलवतो. मागच्या मोटारीतलं कुटुंब मात्र परत फिरवलं जातं. मोटारीतला माणूस मराठीत ओरडतो, पोलीस कानडीत समजावतो, आणि दोघांनाही दोन्ही भाषा येतात.

त्या पोलिसाला दोष देऊ नका. जून-जुलैत कोल्हापूर जिल्ह्यात रुग्ण हटता हटत नव्हते. राज्यातले इतर जिल्हे उघडले तरी कोल्हापूर बंद होतं. सीमेवर तपासणी ठेवण्याला कारण होतं. ज्यांनी त्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्रभर फोन फिरवले, त्यांना ते कारण समजावून सांगायची गरज नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. हा नियम पाहुण्यांसाठी लिहिला गेला होता आणि इथे पाहुणं कुणी नव्हतं.

बेंगळुरूहून पाहिलं की सीमा म्हणजे दोन राज्यांमधली रेघ. निपाणीत ती रेघ रस्त्याच्या कडेने जाते. देवचंद कॉलेजात शिकणारा मुलगा निपाणीतल्या घरातून निघतो आणि चालत महाराष्ट्रात पोहोचतो, कारण कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत निपाणीकडची माणसं पाळीला जातात. दुखणं वाढलं की निपाणीचा माणूस कोल्हापूरला नेतात. २०२० च्या टाळेबंदीत गावोगावच्या आडरस्त्यांवर मातीचे ढीग पडले, तेव्हा शेत अलीकडे आणि घर पलीकडे अशी कितीतरी माणसं त्या ढिगांवरून चढून गेली.

आदेश काढणाऱ्यांना हे थोडंसं कळलं होतं. रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि व्यापाऱ्यांना दर पंधरा दिवसांनी एक चाचणी पुरे, अशी सवलत त्या आदेशात होती. घरात मृत्यू किंवा उपचार असले तर नाक्यावरच नमुना देऊन पुढे जाता येत होतं. शिक्षण, धंदा, आजार, मरण, सगळ्यांना रकाना होता. माहेरवाशिणीला नव्हता. भाद्रपदातल्या त्या तीन दिवसांसाठी वर्षभर डोळे लावून बसलेल्या बाईचं येणं कुठल्याही सरकारी तक्त्यात बसत नाही, आणि सीमाभागातला सण तर तिच्या येण्यानेच उभा राहतो. गौर घरी येते ती शेपूची भाजी आणि भाकरी खायला. तिला आत घ्यायला दारात लेक उभी नसेल तर पुढचं सगळं अडतं.

निपाणीत फार रेंगाळू नका, पण एक गल्ली बघून जा. उंबऱ्यात बसून बायका विड्या वळताहेत. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा. टाळेबंदीत कारखान्यांनी माल उचलला नाही, तेव्हा यांची मजुरी थांबली. जितक्या विड्या तितके पैसे, असं हे काम. १९८१ मध्ये याच गावाने तंबाखूच्या भावासाठी महामार्ग अडवला होता आणि गोळीबार सोसला होता. आपल्याला कुणी कमी मोजतंय, हे या गावाला चटकन कळतं. त्यातल्या एकीला विचारा, सण बंद असावा की चालू. ती वर न बघता म्हणेल, "बंद करायचं तर सगळं करा. आमचंच कशाला?"

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे बेळगावात तुम्हाला ते गल्लोगल्ली ऐकू येणार आहे.

आता शुक्रवार, ३ सप्टेंबर. तुम्ही बेळगावात शहापूरच्या एका शाळेसमोर उभे आहात. महापालिकेचं मतदान चालू आहे. ५८ प्रभाग आहेत आणि या महापालिकेत पहिल्यांदाच मोठे पक्ष आपापल्या चिन्हांवर लढताहेत, म्हणून चुरस जास्त. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीसाठी तर ही अस्तित्वाची लढाई आहे. गेले पंधरा दिवस गल्ल्यांतून प्रचारफेऱ्या फिरल्या आहेत. घोषणा, हार, फटाके, खांद्याला खांदा. रांगेत पायांजवळ पांढरी वर्तुळं आखली आहेत आणि माणसं त्या वर्तुळांच्या मधल्या जागेत उभी आहेत.

गणेश चतुर्थी बरोबर सात दिवसांवर आहे. सार्वजनिक गणपती बसवायला परवानगी आहे की नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही.

रांगेत तुमच्या पुढचा माणूस मूर्तिकार आहे. त्याच्या बोटांच्या पेरांत रंग अडकला आहे. मूर्तीचं काम चार-चार महिने आधी धरावं लागतं. उंची किती चालेल हे सरकार सांगेपर्यंत हात बांधून बसता येत नाही. गेल्या वर्षी सार्वजनिक मूर्तीला चार फूट आणि घरच्या मूर्तीला दोन फूट अशी मर्यादा आली आणि त्याच्या मोठ्या मूर्ती तशाच राहिल्या. "यंदा कुणी आगाऊच द्यायला तयार नाही," तो म्हणतो. "मत द्या म्हणून मात्र दारात पाच वेळा आले."

इथे थोडं मागे जाऊ या, कारण या रांगेतला राग आजचा नाही.

१७ जानेवारी २०२१. बेळगावच्या मैदानावर केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांची प्रचंड सभा. मास्क नाहीत, अंतर नाही. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने विचारलं की या सभेबद्दल गुन्हा का नोंदवला नाही. त्याच काळात बाजारात साध्या माणसाला मास्क घसरला म्हणून दंडाची पावती मिळत होती.

त्याहून मागे, २३ सप्टेंबर २०२०. बेळगावचे खासदार आणि केंद्रीय रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांचं करोनाने दिल्लीत निधन झालं. नियम असा की पार्थिव गावी नेता येणार नाही; त्यांच्यावर अंत्यसंस्कार दिल्लीतच झाले. ज्या शहराने त्यांना चार वेळा निवडून दिलं, त्याला त्यांचं शेवटचं दर्शनही मिळालं नाही. या गोष्टीकडे मी फार आदराने बघतो. मंत्र्याच्या घराने नियम पाळला आणि शहराने तो मान्य केला, कुणी रस्त्यावर उतरलं नाही.

मग त्यांच्याच रिकाम्या जागेसाठी १७ एप्रिल २०२१ रोजी पोटनिवडणूक झाली. करोनाने रिकामी झालेली जागा, आणि दुसरी लाट डोक्यावर आलेली असताना तिच्यासाठी गावोगाव सभा. त्यांच्या पत्नी मंगला अंगडी भाजपकडून थोड्या मतांनी जिंकल्या. मराठी तरुणाईने समितीच्या शुभम शेळके यांच्या मागे लाखाच्या वर मतं उभी केली. निकालाच्या चर्चा संपायच्या आत रुग्णालयांत खाटा संपल्या होत्या. त्या सभांमुळेच लाट आली असं मी म्हणत नाही. लाट देशभर होती. पण शहराने दोन्ही गोष्टी पाठोपाठ पाहिल्या, आणि पाहिलेलं कुणी विसरत नाही.

आता परत या. रविवार, ५ सप्टेंबरची संध्याकाळ. बेंगळुरूहून निर्णय आला आहे. सार्वजनिक गणपती बसवता येईल, पण जास्तीत जास्त पाच दिवस. बाधितांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत असलेल्या जिल्ह्यांतच. वीसपेक्षा जास्त माणसं नकोत, मिरवणूक नको, रात्री नऊनंतर काही नको, आणि शहरात एका प्रभागाला एकच गणपती.

त्याच रात्री तुम्ही एका मंडळाच्या बैठकीला जा. गल्लीतल्या देवळाचं सभागृह, अर्धे खुर्च्यांवर, अर्धे जमिनीवर. खिडक्या उघड्या ठेवल्यात, मास्क बहुतेकांच्या हनुवटीवर आहेत. सेक्रेटरी मोबाईलवरून आदेश वाचून दाखवतो आणि पाच दिवसांशी पोचताच आवाज उठतो.

"बेळगावात सार्वजनिक गणपती पाच दिवसांचा कधी झालाय काय?"

नाही झालेला. इथला गणपती अनंत चतुर्दशीला उठतो. रात्रभर मिरवणूक चालते आणि कपिलेश्वराच्या तळ्याशी शेवटची मूर्ती पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो, कधी दुपारही होते. या शहरात मुंबई-पुण्याच्या तोडीने उत्सव होतो, असं बाहेरचेही मान्य करतात.

"आणि प्रभागाला एक म्हणजे?" दुसरा उठतो. "अठ्ठावन्न प्रभाग. मंडळं साडेतीनशेच्या वर. बाकीच्यांनी काय करायचं, चिठ्ठ्या टाकायच्या?"

"प्रचाराला दोनशे माणसं चालली. आरतीला वीस?"

"उद्या निकाल आहे. गुलाल उधळणार नाहीत काय? बघा तुम्ही."

मग कोपऱ्यातले एक म्हातारे काका हात वर करतात. मंडळाचे जुने अध्यक्ष असावेत, कारण सगळे गप्प होतात. "एप्रिल-मेत सदाशिवनगरच्या स्मशानात मी चारदा जाऊन आलोय," ते म्हणतात. "चारही माणसं ह्याच गल्लीतली. त्यांतला एक गेल्या खेपेला आरतीचं तबक धरून इथंच उभा होता. पाच दिवस काय, दीड दिवस बसवा. देव रागावत नाही."

कुणी उत्तर देत नाही. मग तोच मघाचा तरुण, ज्याने आरतीचा हिशेब मांडला होता, हळू आवाजात बोलतो. "काका, तुमचं बरोबर आहे. त्या दोन महिन्यांत गाडी घेऊन ऑक्सिजन आम्हीच फिरवत होतो. नियम नको कोण म्हणतंय? पण तो त्यांना पण लागू दे की."

या दोघांमध्ये कोण बरोबर, असं मला विचाराल तर मी सांगेन की त्या रात्री दोघंही बरोबर होते, आणि त्या दोघांना एकमेकांसमोर उभं करणारे तिसरेच कुणी होते. काकांना त्या गल्लीतली माणसं वाचवायची होती. तरुणालाही तीच वाचवायची होती; त्याने तशी वाचवलीही होती. रोगाविरुद्धचा नियम पोलिसाच्या काठीवर फार दिवस चालत नाही. तो पाळणाऱ्याच्या विश्वासावर चालतो, आणि तो विश्वास १७ जानेवारीपासून ३ सप्टेंबरपर्यंत सरकारने आणि सगळ्या पक्षांनी मिळून खर्च करून टाकला होता. समितीच्या सभांतही गर्दी होतीच, हे आपल्या माणसांबद्दलही बोललं पाहिजे. सणाच्या दारात आल्यावर तिजोरी रिकामी निघाली आणि भरपाई मात्र ढोलवाल्याकडे, मांडववाल्याकडे, मूर्तिकाराकडे मागितली गेली. दोन हंगाम ज्यांच्या घरात पैसा आला नव्हता, त्यांच्याकडे.

एक उडी लांबची मारू या. १८९७. तुम्ही पुण्यात आहात, प्लेग आहे, आणि ४ फेब्रुवारीला साथरोगांचा कायदा झाला आहे. सव्वाशे वर्षांनंतर करोनात देशभर जो कायदा बाहेर काढला गेला, तोच हा. प्लेग अधिकारी वॉल्टर रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरताहेत, देवघरापर्यंत बूट जाताहेत, बायकांना रस्त्यावर उभं करून तपासलं जातंय. लोकमान्य टिळक 'केसरी'तून या जुलमावर तुटून पडताहेत. पण ते एवढंच करत नव्हते. आजाऱ्याला वेगळं ठेवलं पाहिजे, हे त्यांना मान्य होतं. त्यांनी पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचं रुग्णालय उभं करायला हात लावला, आणि अनेक पुढारी शहर सोडून गेले तेव्हा ते पुण्यातच राहिले. विलगीकरण हवं, अपमान नको, ही त्यांची भूमिका. २२ जूनला, प्लेग ओसरल्यावर, सरकारने राणीच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी गणेशखिंडीत झोकात केली. लोकांची घरं उस्कटणाऱ्या सत्तेने स्वतःचा सण मात्र दिव्यांच्या रोषणाईत केला. त्याच रात्री मेजवानीहून परतताना रँडवर गोळी झाडली गेली.

आठ वर्षांनी, १९०५ मध्ये, तेच टिळक बेळगावात आले आणि झेंडा चौकात सार्वजनिक गणपती बसला, असं शहर सांगतं. पुढे १९१६ मध्ये होमरूल लीगची घोषणाही त्यांनी बेळगावातच केली. टिळकवाडी त्यांच्याच नावाची. बैठकीतल्या त्या तरुणाने हा सगळा इतिहास वाचलेला असेल-नसेल. त्याचं मागणं मात्र त्याच वाटेवरचं होतं.

सोमवारी, ६ सप्टेंबरला, निकाल लागतो. भाजपला ५८ पैकी ३५ जागा, काँग्रेसला १०, समितीच्या हाती अगदी थोड्या. मराठी घरांत त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. गुलालाचं भाकीत करणारा तो माणूस तुम्हाला चौकात दिसला तर काही बोलू नका.

शुक्रवार, १० सप्टेंबर. चतुर्थीची सकाळ. मूर्तिशाळेसमोर हातगाड्या, टेम्पो, डोक्यावर पाट घेतलेले वडील, मागे झांज वाजवणारी पोरं. बँड नाही. मंडळाची मूर्ती आदेशाप्रमाणे चार फुटांची आहे, म्हणून चौघांनी नुसत्या हातांवर आणली. मांडव एरवीच्या निम्मा. दारात सॅनिटायझरची बाटली दोरीने बांधून ठेवली आहे आणि म्हातारे काका तिथे खुर्ची टाकून बसलेत. ते मास्क नसलेल्याला आत सोडत नाहीत, मग तो नवा नगरसेवक असला तरी. त्या शहरात त्या दिवशी मी पाहिलेला सगळ्यात चांगला अंमलदार तोच, आणि त्याला कुठल्याही आदेशाने नेमलेलं नव्हतं.

सण असा सांभाळता येतो. मंडळांना विचारून नियम ठरवले असते, ऑगस्टच्या सुरुवातीला ठरवले असते आणि त्याच महिन्यातल्या प्रचाराला तेच आकडे लावले असते, तर बेळगावने पाच दिवसही मान्य केले असते, असं मला मनापासून वाटतं. आदेश चतुर्थीच्या पाच दिवस आधी आला. पाच दिवसांत मूर्तीची उंची कमी होत नाही, आणि माणसाचा रागही नाही.

अजून एक मुक्काम आहे. डिसेंबर. १३ तारखेपासून बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं आहे. मंत्री, आमदार, अधिकारी आणि हजारो पोलीस शहरात उतरलेत, हॉटेलं भरली आहेत. २४ तारखेला अधिवेशन संपतं. ओमायक्रॉनचे देशातले पहिले रुग्ण याच राज्यात सापडले, त्यालाही तीन आठवडे होऊन गेलेत. अधिवेशन आटोपल्यावर घोषणा होते की २८ डिसेंबरपासून रात्री दहा ते पहाटे पाच संचारबंदी. चोर्ला घाटातून गोव्याकडे गाड्या चालल्याच आहेत. तिथले किनारे उघडे आहेत.

३१ डिसेंबरला कॅम्पात या. गवत, जुने कपडे आणि फटाके भरून केलेला ओल्ड मॅन रस्त्याकडेला विकायला ठेवलेला असतो. सरत्या वर्षाचा तो पुतळा मध्यरात्री जाळायचा, ही या भागातल्या पोरांची फार जुनी हौस. ख्रिस्ती, मराठी, कानडी, मुसलमान, सगळी पोरं त्यात असतात. यंदा बारा वाजता बाहेर पडता येणार नाही. विकणारा दहा पुतळे घेऊन बसलाय आणि सात उरलेत.

एका गल्लीत पोरांनी वर्गणी काढून एक घेतलाय. मोठा भाऊ म्हणतो, घड्याळ पुढे करा. धाकटी म्हणते, तसं केलं तर वर्ष जात नाही. शेजारचे काका मध्ये पडतात आणि ठरतं की साडेनऊला जाळायचा. पोरं मास्क लावून गोल करून उभी राहतात. पुतळा पेटतो, फटाके उडतात, कुणीतरी करोनाच्या नावाने बोंब ठोकतं. पावणेदहाला पोलिसांची जीप वळणावर येऊन थांबते आणि आतून हवालदार हात करून घरात जायला सांगतो. काका पुढे होतात, मनगटावरचं घड्याळ जीपच्या दिव्यात धरतात आणि त्याला कानडीत सांगतात, अजून पंधरा मिनिटं आमची आहेत.